फियाटचा बिघाड आणि भाच्यावरचा ठपका

मोटारगाडीशी माझा संबंध फारसा कधी आला नाही. मी महाडला एका ऑफिसात कारकून आहे, बी. कॉम. झालेला आहे आणि माझ्याकडे एक जुनी स्कूटर आहे. तिचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, यापलीकडे माझी मेकॅनिकी कधी गेली नव्हती. संध्याकाळी आणि रविवारी वाड्यावस्त्यांवर जायचे, कोणाची पेन्शन अडली, कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती अडली, तर अर्ज लिहून द्यायचा, हा माझा उद्योग. असा मी २०२४ च्या पावसाळ्यात चार रविवार एका फियाटच्या बॉनेटखाली डोके घालून उभा होतो. कशासाठी, ते सांगतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी खाली उतरून आहे. वाडीतून निघाले की आधी एक उभा चढ चढून डांबरी रस्त्याला लागायचे, मग पोलादपूर आणि पुढे महाड. या चढावर मधोमध एक आंब्याचे झाड आहे. त्या झाडाचे नाव पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गाडी माझ्या थोरल्या चुलत भावाची. दादाने मुंबईत पंचवीस वर्षे काळी-पिवळी टॅक्सी चालवली, तीही फियाटच. २०१६ साली तो धंदा सोडून गावी आला आणि वर्षभरात एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन आला. घरात पहिला प्रश्न वहिनीने विचारला, की एवढ्या पैशात नवी मोटरसायकल आली असती, हे कशाला आणले? दादा म्हणाला, "ही साधी फियाट नाय. ही रेसची हाय."

त्यात थोडे तथ्य होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० तयार होत असे. तीच १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीसएक हॉर्सपॉवरची. आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण त्या काळात अॅम्बॅसेडरपुढे ही गाडी चपळ वाटे, आणि मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, त्यांत फियाटही धावत. हौशी लोक इंजिनचे हेड प्लेन करून घेत, म्हणजे त्याचा तळ थोडा तासून कॉम्प्रेशन वाढवत, मोठा कार्बोरेटर बसवत, सायलेन्सर मोकळा करत. दादाची गाडी मुंबईतल्या अशाच एका हौशी मालकाच्या हातून आलेली होती. महामार्गावर दादा एखाद्या नव्या गाडीच्या पुढे गेला की आरशात बघून हसत असे. साठीला आलेल्या माणसाला एवढी हौस असू नये असे कुठे आहे? मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाल्या, त्या दिवशी दादाने गाडी धुऊन तिला हार घातला होता. दर पाच वर्षांनी फिटनेस करून आरसीचे नूतनीकरण करायचे, विमा भरायचा, हे सगळे तो नियमाने करी. लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी द्यायचा, त्यातून तिचा खर्च निघे. अडीअडचणीला वाडीतल्या कोणाला दवाखान्यात न्यायचे तर पैसे घेत नसे.

२२ जुलै २०२१ चा महाडचा महापूर वाचकांना आठवत असेल. सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून कितीतरी माणसे गेली. त्या दिवसांत दादाची गाडी पत्र्याच्या कामासाठी महाडच्या एका गॅरेजात उभी होती. पाणी बॉनेटच्या वर गेले. माणसांचे संसार वाहून गेले तिथे एका फियाटचे रडणे कोणी ऐकायचे? दादाही तेव्हा काही बोलला नाही. पुढे पाच-सहा महिन्यांनी इंजिन उघडून, चिखल काढून, ऑइल बदलून गाडी चालू झाली. सगळ्यांना वाटले, संकट टळले.

आता भाच्याचे सांगतो. माझ्या ताईचा हा मुलगा बारावीला अडकला आणि त्याच गॅरेजात हेल्पर म्हणून लागला. तेव्हा वय एकोणीस. हात काळे, बोलणे कमी. जून २०२४ च्या अखेरीस दादाची गाडी मिसिंग मारते म्हणून गॅरेजात गेली, तेव्हा उस्तादांनी भाच्याकडून पॉइंट आणि कंडेन्सर बदलून घेतले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती रात्र आली. दादाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री दीडच्या सुमारास कळा सुरू झाल्या. पाऊस असा की समोरचे दिसत नव्हते. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे १०८ लागेना. गाडीत दादा, वहिनी, मुलगी, ताई आणि धक्का मारावा लागला तर असावा म्हणून भाचा. चढावर गाडीने दोन झटके दिले, सायलेन्सरमधून एक बार काढला आणि आंब्याच्या झाडाखाली ती बंद पडली.

दादाने तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओले फडके टाकले. जुन्या फियाट चालवलेल्यांना हे माहीत आहे. इंजिनच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोल ओढत नाही, याला व्हेपर लॉक म्हणतात. फडके ओले करून पंप थंड केला की गाडी चालू होते. म्हणून दादाने फडके टाकले, वरून बाटलीतले पाणीही ओतले. गाडी चालू झाली नाही. शेवटी मुलीला घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, वर ताडपत्री धरून चौघांनी रस्त्यापर्यंत नेले. तीनच्या आसपास भाजीचा एक टेम्पो खाली उतरत होता, त्याने घेतले. पहाटे साडेपाचला महाडला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी हे चार ओळींत लिहिले, पण त्या चढावर गेलेला दीड तास वहिनी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दादा गॅरेजात गेला. उस्ताद म्हणाले, काम तर पोरानेच केले होते. झाले! संध्याकाळी वाडीत चारचौघांत, ताईच्या दारात उभा राहून दादा ओरडला, "माझी पोर मेली असती याच्या हातून." भाच्याने मान वर केली नाही. दोन दिवसांनी उस्तादांनीही त्याला येऊ नको म्हणून सांगितले. पुढच्या सोमवारपासून पोरगा एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडे पोती उचलायला जाऊ लागला.

ताई माझ्याकडे आली ती रागावून नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, "तू शिकलेला आहेस. माझ्या पोराची चूक असेल तर मला सांग, मी दादाच्या पाया पडते. नसेल तर दादाला सांग."

मी कारकून. मला गाडी वाचता येत नाही, वही वाचता येते. म्हणून मी दादाकडे त्याची वही मागितली. टॅक्सीवाल्याची ही सवय दादाने गावीही ठेवली होती. रोजचे भाडे, पेट्रोल, कुठे गेलो, किती वाजता आलो, सगळे लिहिलेले. गाडी वाटेत बंद पडली की त्यापुढे तो 'खो.' लिहायचा, खोळंबा. दादाला वाटले मी हिशेब बघतोय. मी एका रात्रीत तीन वर्षांची पाने उलटली आणि प्रत्येक 'खो.' एका कोऱ्या कागदावर उतरवला. तारीख, जागा, वेळ, गाडीत माणसे किती, पाऊस होता का.

एकूण खोळंबे चौदा. पहिला जुलै २०२२ चा. भाच्याने पॉइंट बदलले ती तारीख २९ जून २०२४. म्हणजे चौदापैकी बारा वेळा गाडी बंद पडली तेव्हा भाच्याचा हात तिला लागलेलाही नव्हता!

एवढ्यावर मी ताईला उत्तर देऊ शकलो असतो. पण ऑफिसात ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर 'माझी चूक नाही' एवढे सांगून घरी जाता येत नाही. फरक कुठल्या खात्यात आहे तो सापडावा लागतो. आणि दादाही एवढ्याने ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, "आधी व्हेपर लॉक होता. त्या रात्रीचे वेगळे."

मग मी कागद परत पाहिला. चौदापैकी अकरा खोळंबे जून ते सप्टेंबरमधले. दोन डिसेंबरचे, दोन्ही पहाटेचे, घाटात धुके आणि दव असतानाचे. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा महाडला जीव नकोसा होतो, तेव्हा दोन वर्षांत फक्त एक. व्हेपर लॉक उन्हाळ्यात छळायला हवा आणि पावसात निवायला हवा. इथे सगळे उलटे होते. तो एप्रिलचा एक खोळंबा मात्र मला खटकत राहिला. पान पुन्हा उघडले. त्याच तारखेला, लग्नाच्या भाड्याआधी, दादाच्या अक्षरात लिहिलेले, 'गाडी धुलाई'.

आणखी एक गोष्ट. चौदाही जागा चढाच्या होत्या. काही कशेडी घाटातल्या, २०२३ साली तिथे बोगदा सुरू होण्याआधीच्या; काही आंबेनळीतल्या आणि पाच त्या आंब्याच्या झाडाजवळच्या. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला एकदाही त्रास नाही. म्हणजे ओलावा पाहिजे आणि चढही पाहिजे. दोन्ही एकत्र आले की गाडी बंद.

हा कागद घेऊन मी महाडला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. लालबागला तीस वर्षे फियाट उघडून ते गावी आले आहेत, आता डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यामुळे काम करत नाहीत. मी सांगू लागलो, की पॉइंट नवे आहेत, कंडेन्सर नवा आहे. त्यांनी हात वर केला. "काय काय बदलले ते नको. बंद कधी पडते ते सांग." मी कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला आणि विचारले, "फडके टाकल्यावर किती वेळाने चालू होते?" वहीत तेही होते, पंधरा-वीस मिनिटे. चाचा हसले. "फडके नसते टाकले तरी तेवढ्याच वेळाने झाली असती."

याचा अर्थ मला नंतर कळला. बंद पडलेल्या इंजिनची उष्णता बॉनेटखाली साचते आणि ओला झालेला भाग हळूहळू सुकतो, म्हणून गाडी चालू होते. फडके हे निमित्त. दादाला मात्र दर वेळी वाटले, फडक्याने गुण आला. दोन वर्षे तो चुकीच्या औषधाला मान देत होता. त्या रात्री तर पाऊस वाऱ्याने आत येत होता, त्यात दादाने बाटलीभर पाणी स्वतःच्या हाताने ओतले. सुकणार कसे?

ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्यासाठी ठिणगीचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. जुन्या पेट्रोल गाडीत बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्याने ठिणगी पडत नाही. बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि पॉइंट उघडून तो अचानक तोडला, की कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर पॉइंटवर जाळ होऊ देत नाही आणि ही तोड स्वच्छ करतो. हे हजारो व्होल्ट एका जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या बॅकेलाइटच्या कॅपमध्ये मधोमध येतात. आत रोटर फिरत असतो, तो करंट पाळीपाळीने चार प्लगना वाटतो, एक, तीन, चार, दोन या क्रमाने. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यांतली एखादी चुकली तर गाडी मिसिंग मारते, सगळ्या चुकल्या तर बंद पडते. आजच्या गाड्यांत पॉइंटही नाहीत आणि डिस्ट्रिब्युटरही नाही, सगळे इलेक्ट्रॉनिक आहे, पण ठिणगीची गरज तीच.

मग चढावरच का? चाचांनी सांगितले ते मला आमच्या नळपाणी योजनेवरून समजले. पाइपला बारीक चीर असली तरी खालच्या आळीच्या नळाला पाणी येते. तेच पाणी वरच्या आळीला चढवायचे म्हटले की जोर वाढतो आणि पाणी नळाऐवजी चिरेतून बाहेर पडते. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरते, दाब वाढतो आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. दादाच्या गाडीचे तर हेड तासलेले. दाब आधीच जास्त. साध्या फियाटने जी बारीक गळती कदाचित वर्षभर सहन केली असती, ती या रेसच्या गाडीला सहन होईना. करंटला प्लगपर्यंत जाण्यापेक्षा चिरेतून पळणे सोपे झाले. आता ती चीर कुठे, एवढाच प्रश्न राहिला.

चाचा रविवारी एसटीने वाडीत आले. दादा पडवीत बसून राहिला, खाली आला नाही. चाचांनी आधी पंपाची नळी काढून बाटलीत पेट्रोल येते का पाहिले. धार चांगली होती. मग बाटली लांब नेऊन ठेवायला लावली आणि सांडलेले पुसून सुकू दिले, मगच करंटला हात घातला. घरी कोणी करून पाहणार असेल तर हे विसरू नये. आणि कॉइलचा झटका साधा नसतो. उघड्या हाताने वायर धरू नये, ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर जवळही थांबू नये.

कॉइलच्या जाड वायरचे टोक रबराच्या पट्टीत धरून इंजिनजवळ नेले, तर ठिणगी निळी, जाड, टचटच वाजणारी. प्लगच्या चारही वायरी तशाच पाहिल्या, तर ठिणगी पिवळी, बारीक, मध्येच गायब. म्हणजे कॉइलपर्यंत सगळे ठीक. गळती कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये. अर्धा रस्ता एका फटक्यात सुटला. मला आमच्या ऑडिटरची आठवण झाली. ते सुद्धा पुस्तक मधोमध उघडून तिथपर्यंतची बेरीज आधी जुळवून घेतात.

मग चाचांनी पॉइंट पाहिले. फीलर गेजची पाती घालून फट मोजली, भिंगाने दोन्ही टोके पाहिली, स्प्रिंग दाबली.

"कोणी बसवले?"

"भाच्याने," मी म्हणालो.

"हात चांगला आहे पोराचा."

हे ते मुद्दाम मोठ्याने बोलले नाहीत. पण पडवीत खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला.

रोटर तपासण्याची युक्ती सोपी आहे. कॅप काढायची, कॉइलची वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या अगदी जवळ धरायची आणि इग्निशन चालू ठेवून लाकडी दांड्याच्या पेचकसाने पॉइंट उघडायचा. रोटरवर ठिणगी उडाली तर करंट रोटरमधून खालच्या दांड्यात जातोय, रोटर फुटका. इथे काही उडाले नाही. रोटर चांगला. चार वायरी एकाच वेळी खराब होणे कठीण, तरी अंधार पडल्यावर इंजिन चालू करून त्यांच्यावर आणि कॅपवर बाहेरून फवारणीच्या बाटलीने थोडे पाणी मारले. वायर गळत असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या दिसतात. काही दिसले नाही, पण इंजिन अडखळायला लागले.

"आत आहे," चाचा म्हणाले.

कॅप काढून उलटी केली. दिव्याखाली मला काहीच दिसले नाही. काळे बॅकेलाइट, पितळेचे चार खुंट, मध्ये कोळशाचे छोटे बटण. चाचांनी कॉइलची वायर कॅपच्या मधल्या भोकात घातली, कॅपच्या कडेला इंजिनला जोडलेली एक उघडी तार टेकवली, मला दिवा बंद करायला सांगितले आणि पेचकसाने पॉइंट उघडला.

अंधारात कॅपच्या आत एक निळी रेघ पळाली. मधल्या बटणापासून निघून वेडीवाकडी कडेपर्यंत. पुन्हा पॉइंट उघडला, पुन्हा त्याच वाटेने. आमच्या पावसात ओढ्याला जशी ठरलेली वाट असते तशी. दिवा लावून त्या जागी पाहिले, तर पेन्सिलने ओढल्यासारखी केसाएवढी करडी रेघ. पुराचा चिखल आत शिरला, फडक्याने पुसला गेला, पण त्याचा बारीक थर राहिला. दमट हवेत त्या थरावरून करंट सरपटू लागला, जिथून गेला तिथे बॅकेलाइट जाळून कोळसा करत गेला. कोळशातून करंट जातो. म्हणजे एकदा पडलेली वाट दर वेळी जास्त रुंद होत होती. कोरड्या दिवशी ती निमूट पडून राहायची. २०२१ चा पूर २०२४ च्या जुलैत अजून त्या कॅपमध्ये होता.

नवी कॅप महाडला मिळाली नाही. मी रजा काढून कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो, चार दुकाने पालथी घातली आणि साडेतीनशे रुपयांना घेऊन आलो. माझ्या बायकोचे यावर म्हणणे असे, की घरातला मिक्सर आठ महिने बंद आहे, त्याच्यासाठी कधी रजा काढली नाही. बरोबर आहे.

पुढच्या रविवारी दादा स्वतः खाली आला. चाचांनी नवी कॅप बसवली, गाडीत आम्ही पाच जण कोंबून बसलो, बॉनेट उघडून कॅपवर पाणी मारले आणि दादाने गाडी चढावर घातली. आंब्याचे झाड गेले, वळण गेले, गाडी वर रस्त्याला लागली. सगळे ओरडले. मला वाटले, झाले काम. चाचा म्हणाले, "खाली घे. जुनी परत लाव."

"आता कशाला?" दादा वैतागला.

"जुनी लावून परत बंद पडली तरच ती चोर. नाहीतर आज नुसतेच नशीब."

जुनी कॅप लावली. तेवढेच पाणी, तीच पाच माणसे. झाडाच्या अलीकडे पहिला झटका, झाडाखाली बार निघाला आणि गाडी थांबली. पाऊस नव्हता. सगळीकडे शांत झाले, फक्त इंजिन तापून टिकटिकत होते. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग उतरला, बॉनेट उघडले, जुनी कॅप स्वतः काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

त्या रात्री मी ताईला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "चारचौघांत बोलला होता तो."

नातीच्या नामकरणाला सारी वाडी जमली होती. वंदना झाली, नाव ठेवले, जेवणाची पंगत बसायच्या आधी दादा उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. खिशातून कॅप काढली आणि म्हणाला, "गाडी या रेघेमुळे बंद पडली. पोराचे काम बरोबर होते. मी चुकून बोललो." आणि खाली बसला. ताई स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ होती, तिने मागे वळून पाहिले नाही, पण हातातला डाव तसाच धरून उभी राहिली.

भाचा त्या दिवशी ड्युटीवरून उशिरा आला. गॅरेजात तो परत गेला नाही. कंत्राटदाराकडे पगार वेळेवर होतो म्हणतो, आणि उस्तादांनी बोलावलेही नाही. जेवण झाल्यावर दादाने कॅप त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी करून ट्यूबच्या उजेडात धरली, अंगठ्याने आतून चाचपली.

"ही मी तेव्हाच बघितली होती मामा," तो म्हणाला. "उस्तादांना दाखवली पण. पुसून लाव म्हणाले."

दादा काही बोलला नाही. कॅप मात्र त्याने परत मागितली नाही.